साखर पिकवणाऱ्यांनो, रक्तातली साखरही बघा!



साखर कारखान्याचा माणूस साखर कमी खा म्हणतो, हे वाचून काहीजण हसतील. पण सांगणे भाग आहे.

माझी सासुरवाडी रोह्याकडची. मागे भातकापणीच्या वेळी सासऱ्यांच्या पायाला विळा लागला. जखम महिनाभर भरेना. रक्त तपासले तर उपाशीपोटी साखर २१० निघाली. १२६ च्या वर गेली की मधुमेह समजतात. सासरे म्हणाले, "मी गोड खातोच कुठे?"

खरे होते. पण पेण-रोह्याकडे सकाळी पोहे नाहीतर तांदळाची भाकरी, दोन्ही वेळा भात, शिवाय पाच चहा. तांदळातल्या पिठाची पोटात साखरच होते. चिखलणी-लावणी करताना ती जिरत होती. वय झाले, काम मुलांकडे गेले, ताट मात्र तेवढेच राहिले. आपल्याकडे भाकरी ज्वारीची असेल, पण गोष्ट हीच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींवर मधुमेही आढळले.

आता उपाय. युरिया एकदम टाकला तर वाया जातो, हप्त्याने दिला तर पिकाला लागतो. भाताचे तसेच. भात निम्मा करा, जोडीला वालाचे बिरडे, पालेभाजी, मासळी घ्या. साखर रक्तात सावकाश उतरते. जेवणानंतर शेताच्या बांधावरून फेरी मारा.

गूळ चालतो, हा गैरसमज आहे. गूळही साखरच. चहाला दोन चमचे धरले तर पाच कपांत चाळीस ग्रॅमवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहणे बरे, असे सांगितले आहे. मधुमेह असेल तर चहा बिनसाखरेचाच बरा.

एक जपा. इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक एकादशी करू नये. घाम सुटला, हात थरथरले, अंधारी आली तर साखर उतरली समजा. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.

माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, हे मी नेहमी सांगतो. तसेच घरातल्या वडीलधाऱ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या. सासऱ्यांचा पाय वाचला, कारण वेळेवर कळले.

– ऊस विकास अधिकारी