२४व्या वर्षी ‘उशीर’, ९७व्या वर्षी नोबेल!
मोबाइल चार्जिंगला लावताना जॉन गुडइनफ यांना एक थँक्यू म्हणा. लहानपणी डिस्लेक्सियामुळे त्यांना वाचायला जड जायचं. लष्करातून परतून शिकागोला फिजिक्स शिकायला गेले, तर प्राध्यापक म्हणाले, तुला उशीर झाला! वय? जेमतेम २३-२४. पुढे १९७०च्या दशकात तेलटंचाई आली आणि ऊर्जेच्या प्रश्नाने त्यांना जे पकडलं, ते कायमचं. १९८०मध्ये ऑक्सफर्डला त्यांच्या टीमने लिथियम बॅटरीसाठी कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड शोधला. दिवसाची सौरऊर्जा रात्रीसाठी साठवणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांची वाट तिथूनच मोकळी झाली. २०१९मध्ये नोबेल मिळालं तेव्हाही त्यांचं संशोधन चालूच होतं. आत्मचरित्राचं नाव त्यांनी ठेवलं ‘विटनेस टू ग्रेस’, म्हणजे लाभलेल्या कृपेचा साक्षीदार. तेव्हा एखादं वर्ष वाया गेलं म्हणून खचू नका. प्रश्न तेवढा मोठा निवडा!