शीळ : गायन की वादन?

संगीतशास्त्रात काही प्रश्न क्षुल्लक म्हणून बाजूस सारले जातात. परंतु मूलभूत व्याख्यांची कसोटी पाहणारे तेच असतात. शिळेचे संगीत हा असाच एक प्रश्न होय. शीळ गायिली जाते असे म्हणावे की वाजविली जाते असे म्हणावे, येथेच लेखणी अडखळते. मराठी भाषेने शीळ 'घालणे' असा प्रयोग रूढ करून ही अडचण टाळली आहे. शास्त्राला मात्र ती टाळता यावयाची नाही. शिळेची ध्वनिनिर्मिती आणि काही नामवंत कलावंतांचे कार्य यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. संदेशवहनासाठी होणारा शिळेचा उपयोग हा निराळा विषय असल्याने येथे तो घेतलेला नाही.

प्रथम ध्वनिनिर्मिती पाहू. शीळ घालताना स्वरतंतूंचे कंपन होत नाही. ओठांच्या चंबूतून जाणारा हवेचा झोत अस्थिर होतो आणि मुखाची पोकळी अनुनादकाचे कार्य करून त्यातील एक स्वर निश्चित करते. जीभ पुढे सरकली की पोकळी लहान होऊन स्वर चढतो. मागे गेली की तो उतरतो. पेटीवरील मध्य सप्तकातील पांढरी एक या पट्टीची कंपनसंख्या दर सेकंदास सुमारे 262 असते. शिळेचा प्रदेश सामान्यतः सुमारे 500 पासून 4000 पर्यंत, म्हणजे त्या पट्टीच्या जवळजवळ एक सप्तक वरून सुरू होऊन तीन सप्तकांपर्यंत पसरतो.

यातून दोन परिणाम संभवतात. शिळेच्या नादात उपस्वर अत्यल्प असतात. त्यामुळे ज्याला आपले ग्रंथकार नादाची 'जाती' म्हणतात, ती येथे फारच फिकी असते. दुसरे असे की, जीभ आणि ओठ स्वरनिर्मितीतच गुंतल्यामुळे शब्दोच्चार अशक्य होतो. गीतातून शब्द गेले, आवाजाचा रंगही गेला. उरली ती केवळ चाल.

नारदाच्या नावावर असलेल्या 'संगीतमकरंद' या ग्रंथात नखज, वायुज, चर्मज, लोहज आणि शारीरज असे नादाचे पाच प्रकार मानले आहेत. बासरी वायुज, तर मानवी कंठ शारीरज. शीळ मात्र शरीरातच निर्माण होते आणि केवळ वायूनेच निर्माण होते. ज्या द्रव्यापासून नाद उत्पन्न होतो त्यावर आधारलेले वर्गीकरण येथे अपुरे पडते.

व्यवहारातही या अनिश्चिततेचे परिणाम दिसून येतात. ध्वनिमुद्रणाच्या प्रारंभकाळी शिळेला मोठी मागणी होती. तत्कालीन कर्ण्याच्या यंत्रास अतिमंद्र व अतितार ध्वनी टिपता येत नसत. उपस्वरांवर अवलंबून असलेल्या वाद्यांचे त्यामुळे नुकसान होई, शिळेचे फारसे होत नसे. अमेरिकेतील ॲलिस शॉ (1853–1918) या विदुषीने याच काळात शिळेच्या स्वतंत्र मैफली गाजविल्या. तिचा समकालीन जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन याचा वृत्तान्त अधिक विचारणीय आहे. व्हर्जिनियातील गुलामगिरीत जन्मलेला हा कलावंत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर शीळ घालून उपजीविका करी. 1890 च्या सुमारास त्याची ध्वनिमुद्रणे होऊ लागली. तबकड्यांप्रमाणे प्रती काढण्याची सोय तेव्हा नसल्याने एकच गीत त्यास अनेकवार नव्याने सादर करावे लागे. ज्या गीताने तो प्रसिद्धीस आला, ते दुसऱ्याने रचलेले व कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे होते. गीताचे शब्द त्याच्या समाजाची अवहेलना करीत. ज्या भागात शब्द नव्हते, तेवढा भाग त्याचा स्वतःचा होता.

1909 मध्ये ॲग्नेस वुडवर्ड हिने लॉस एंजेलिस येथे शीळवादनाचे विद्यालय स्थापन केले. ही कला शिकविता येते, एवढे तरी त्यावरून सिद्ध झाले. पुढे 1964 च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' या चित्रपटात एन्नियो मोरिकोने याच्या संगीतासाठी अलेस्सान्द्रो अलेस्सान्द्रोनी (1925–2017) याने घातलेली शीळ जगभर परिचित झाली. ओसाड प्रदेशातील एकाकी मनुष्य सुचविण्यास शब्दहीन, रंगहीन स्वरच उपयोगी पडला.

भारतात या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण आंध्रातील कल्याणम् रघुरामय्या (1901–1975) यांचे होय. तेलुगू पद्यनाटकांतील हे नामांकित गायक-नट 'ईलपाट' रघुरामय्या म्हणून ओळखले जात. ईल म्हणजे शीळ, पाट म्हणजे गाणे. लोकांनी दिलेल्या या उपनामातच आपल्या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. रसिकांनी त्यांच्या शिळेस गाणेच मानले. 1975 मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. पद्य परिचयाचे असले म्हणजे त्याचे शब्द श्रोता मनातल्या मनात पुरवीत असतो. शीळ चाल देते आणि गीत श्रोत्याच्या स्मृतीत पूर्ण होते. मराठी वाचकास ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता आणि जी. एन. जोशी यांनी केलेले तिचे गायन येथे सहज आठवेल. शिळेला मुळात ऐकणाऱ्याची जोड लागते, हे कवीच्या कानास शास्त्रकाराच्या आधी उमगले होते.

या सर्व विवेचनावरून असे म्हणावयास प्रत्यवाय नाही की, शिळेचा निर्णय द्रव्यावरून न करता स्वरनियंत्रणाच्या रीतीवरून करावा. तिला पडदे नाहीत, छिद्रे नाहीत, पट्ट्या नाहीत. बोटांना स्वराचे ठिकाण दाखविणारी कोणतीही खूण तिच्याजवळ नाही. स्वर लागला की नाही, हे केवळ कान सांगतो. म्हणूनच मींड तिला सहज साधते आणि बेसूर होणेही तितकेच सहज असते. हा धर्म कंठाचा आहे. तेव्हा शीळ ही कंठाविना केलेले गायन होय, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

हा प्रश्न केवळ नामाभिधानाचा नाही. अभ्यासक्रम व संग्रह यांची विभागणी आपण गायन आणि वादन अशी करतो, तेव्हा शीळ या दोहोंच्या मध्ये पडते. बासरीवादकाच्या मागे निदान त्याची बासरी उरते. शीळ घालणाऱ्याच्या मागे ध्वनिमुद्रणावाचून काहीही उरत नाही. आणि जे कोणत्याच दालनात बसत नाही, त्याचे ध्वनिमुद्रण जतन करण्याची जबाबदारीही कोणी आपली मानीत नाही.