बोअरचे पाणी आणि रुसलेला फेस

तेल आणि कॉस्टिक सोडा यांतून साबणाची वडी कशी घडते, ते मागच्या भागात पाहिले. ती वडी चार-सहा आठवडे वाळवून बीड जिल्ह्यातल्या न्हाणीघरात नेली, की अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते: फेसच येत नाही. अंग चिकट राहते, केस राठ होतात, बादलीच्या कडेला पांढुरका थर धरतो. बोल साबणाला लागतो, पण दोष बहुधा पाण्याचा असतो.

आष्टी-पाटोद्यापासून अंबाजोगाईपर्यंत बालाघाटच्या रांगा काळ्या पाषाणाच्या. पाऊस बेताचा, म्हणून भिस्त विहीर, हापसा आणि बोअरवर. मातीत मुरताना पाणी कार्बन डायऑक्साइड शोषते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेते. हे क्षार साबणातल्या मेदाम्लांना धरून न विरघळणारा साका करतात. क्षार संपेपर्यंत फेसाला साबण उरतच नाही.

हिशेब मांडला तर नुकसान डोळ्यांत भरते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक लिटरमागे 200 मिलिग्रॅम कठीणपणा, म्हणजे या क्षारांचे प्रमाण, स्वीकारार्ह मानते. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेते. समजा, पाणी 300 चे आहे. अशा 20 लिटरच्या बादलीत कपडे धुताना सुमारे 35 ग्रॅम साबण नुसता साका होण्यात जातो! दुष्काळी भागातल्या बाईचे पैसे असे वाहून जातात, आणि तो साका खळबळून काढायला वर आणखी पाणी लागते.

धुण्याच्या पावडरीला हा त्रास कमी, कारण तिच्यातल्या कृत्रिम घटकांचा कॅल्शियमशी असा घट्ट साका होत नाही.

तेलानेही फरक पडतो. खोबरेल तेलातले लॉरिक आम्ल मोठा, झटपट फेस देते. मराठवाड्याच्या करडई तेलाचा साबण मऊ आणि कमी फेसाचा. थोडे एरंडेल मिसळले की फेस टिकतो. खोबरेल फार झाले, तर मात्र त्वचा कोरडी पडते.

आंघोळीचा उपाय सोपा आहे. पाणी कमी, चोळणे जास्त. अंग ओले करावे, वडी थेट अंगावर न फिरवता वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीवर घासावी आणि फेस होईपर्यंत वर पाणी घेऊ नये. कमी पाणी म्हणजे कमी क्षार. पाणी उकळून निवळू दिले, तर काही कठीणपणा तळाशी बसतो; पातेल्यातला पांढरा थर तोच. उरलेला कपड्यांपुरता धुण्याच्या सोड्याने जातो. तो अंगाला लावू नये.

सर्वांत चांगले पाणी मात्र आभाळातून येते. पावसाच्या पाण्यात हे क्षार जवळजवळ नसतात. पहिल्या सरींनी पत्रे धुऊन निघाले, की पन्हाळीखाली पिंप लावावे. एका बाटलीत ते, दुसरीत बोअरचे पाणी सारखेच घेऊन साबणाचा तेवढाच कीस टाकावा, हलवावे आणि मगच वडी बदलायची की पाणी, ते ठरवावे. पुढच्या आठवड्यात, कठीण पाण्यातही फेस देणाऱ्या रिठ्याविषयी.