विश्लेषण : संशोधनाचा निधी नांदेड-लातूरपर्यंत पोहोचताना अडतो कुठे?

हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे धक्के नांदेड आणि परभणीतही जाणवले. त्याच वर्षी १० जुलैला हा भाग पुन्हा हादरला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या मराठवाड्याने सोसला, तिथे प्रत्येक धक्क्यानंतर एकच प्रश्न विचारला जातो : जमिनीखाली नेमके चालले आहे काय? उत्तरासाठी यंत्रे लागतात, वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात, त्या नोंदी वाचणारी माणसे लागतात. म्हणजेच पैसे लागतात. हे पैसे मागण्याचा रीतसर मार्ग म्हणजे संशोधन प्रस्ताव. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, त्याचे लातूर येथील उपकेंद्र आणि चार जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालये इथल्या प्राध्यापकांसाठी हा मार्ग कसा आहे आणि प्रस्ताव नेमका कुठे अडखळतो, ते पाहू.

राज्य विद्यापीठांच्या वाट्याला किती?

फारच थोडे. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे ‘सर्ब’, ही विज्ञान प्रकल्पांना पैसे देणारी केंद्राची प्रमुख संस्था होती. तिच्या निधीपैकी सुमारे ६५ टक्के वाटा आयआयटींना मिळतो आणि राज्य विद्यापीठांना जेमतेम ११ टक्के, असे केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनीच २०२३ मध्ये सांगितले होते. देशातील बहुसंख्य विद्यार्थी मात्र राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या महाविद्यालयांत शिकतात.

हे चित्र बदलण्याचे कारण देऊनच २०२३ मध्ये ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’चा कायदा झाला. ५ फेब्रुवारी २०२४ पासून ही संस्था अस्तित्वात आली आणि ‘सर्ब’ तिच्यात विलीन झाले. पाच वर्षांसाठी ५० हजार कोटी रुपयांचा आकडा जाहीर झाला. त्यातले सरकारचे १४ हजार कोटी, उरलेले ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार आणि इतर स्रोतांतून यायचे आहेत. मथळ्यातला आकडा वाचताना एवढे लक्षात ठेवलेले बरे.

आणखी एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. ‘संशोधनाला लाख कोटी’ अशी ती बातमी मोबाइलवर फिरली. पण ती योजना खासगी क्षेत्राला कमी व्याजाने दीर्घ मुदतीचा वित्तपुरवठा करण्यासाठी आहे. विष्णुपुरीतल्या प्रयोगशाळेला त्यातून सूक्ष्मदर्शक मिळणार नाही.

अर्ज कोण करू शकतो?

इथे पहिली चाळणी लागते. बहुतेक योजनांत मुख्य संशोधक नियमित पदावर असावा लागतो. मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर आहे. त्यांच्यापैकी अनेकांकडे पीएचडी आहे, नेट-सेट आहे, प्रसिद्ध शोधनिबंध आहेत. पण पोर्टलवर ‘पद’ आणि ‘सेवानिवृत्तीची तारीख’ हे रकाने आले की त्यांचा प्रवास तिथेच थांबतो. कल्पना त्यांची आणि मुख्य संशोधक म्हणून नाव कायमस्वरूपी सहकाऱ्याचे, अशी तडजोड मग करावी लागते.

दुसरी चाळणी वयाची. नव्या प्राध्यापकांसाठी असलेल्या ‘पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट’मध्ये तीन वर्षांसाठी ६० लाख रुपयांपर्यंत निधी मिळतो. वयोमर्यादा ४२ वर्षे असून काही प्रवर्गांना सवलत आहे. महाराष्ट्रात प्राध्यापक भरतीवर २०१७ मध्ये निर्बंध आले, नोव्हेंबर २०१८ मध्ये ३,५८० पदांना मान्यता मिळाली आणि त्यानंतरही भरती रखडत-रखडतच होत राहिली. तिशीत पीएचडी झालेला माणूस चाळिशीत कायम झाला, तर ‘सुरुवातीच्या काळातील संशोधक’ म्हणवून घ्यायला त्याच्याकडे एक-दोन वर्षेच उरतात. योजनेत यात गैर काही नाही. दिल्लीत वय ठरवताना मुंबईतली भरती हिशेबात घेतली जात नाही, इतकेच.

पायरीच काढून घेतली तर?

नव्या धोरणांच्या चर्चेत हा मुद्दा फारसा येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची लघु आणि बृहत संशोधन प्रकल्प योजना दीर्घकाळ चालू होती. लघु प्रकल्पात रक्कम तुटपुंजी असे, कामाचा दर्जाही सरसकट चांगला होता असे म्हणता येणार नाही. पण उदगीर, अहमदपूर किंवा देगलूरच्या महाविद्यालयातला प्राध्यापक त्यातूनच प्रस्ताव लिहायला, दरपत्रके मागवायला, हिशेब ठेवायला आणि अंतिम अहवाल द्यायला शिकत असे. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात ही योजना थांबली.

५ सप्टेंबर २०२२ रोजी आयोगाने नव्या योजना आणल्या. त्यात सेवेतील प्राध्यापकांसाठी दोन वर्षांचे १० लाख रुपयांचे अनुदान आहे. मात्र देशभरातून फक्त २०० जणांची निवड होते आणि अर्जदाराच्या नावावर आधी पूर्ण केलेले दोन अनुदानित प्रकल्प असावे लागतात. नवनियुक्तांसाठीच्या डॉ. दौलतसिंह कोठारी अनुदानात जागा १३२. म्हणजे पहिला प्रकल्प मिळवायचा असेल, तर आधीचे प्रकल्प दाखवा. बारावी आणि ‘नीट’साठी राज्यभरातून मुले ज्या लातूरला येतात, त्या लातूरमध्येही प्रस्तावलेखनाचा क्लास नाही.

छोट्या महाविद्यालयासाठी त्यातल्या त्यात वास्तव वाटावा असा एक दरवाजा आहे : ‘टेअर’, अर्थात टीचर्स असोसिएटशिप फॉर रिसर्च एक्सलन्स. राज्य विद्यापीठ किंवा महाविद्यालयातील नियमित प्राध्यापकाने आपली नोकरी सांभाळून वर्षाला ९० दिवस एखाद्या नामांकित संस्थेत संशोधन करायचे. तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपयांचे संशोधन अनुदान मिळते. त्यातले निम्मे यजमान संस्थेला, निम्मे मूळ महाविद्यालयाला. शिवाय प्राध्यापकाला वर्षाला ६० हजार रुपये. नांदेडकरांसाठी इथे भूगोल कामी येतो. पुण्यापेक्षा हैदराबाद बरेच जवळ आहे आणि राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र, हैदराबाद विद्यापीठ हे सारे एकाच शहरात आहे. मूळ महाविद्यालयात येणारे वर्षाचे अडीच लाख फार नाहीत, पण उपकरणे नसलेल्या विभागात त्यातून सुरुवात होऊ शकते.

प्रस्तावात असते तरी काय?

शीर्षक, उद्दिष्टे, आजवर झालेल्या कामाचा आढावा, पद्धत, वेळापत्रक, अंदाजपत्रक. रकाने सगळ्यांना सारखेच. फरक पडतो तो नेमकेपणाने. ‘मराठवाड्यातील भूजलाचा अभ्यास’ हा प्रस्ताव नव्हे, तो विषय झाला. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. भारतीय मानकानुसार लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ते चालते आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत. आता किनवट तालुक्यातील ठरावीक गावांच्या बोअरमध्ये पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर फ्लोराइडचे प्रमाण किती बदलते, बोअरची खोली आणि खडकाचा प्रकार यांच्याशी त्याचा संबंध काय, असे विचारले की परीक्षकाला नमुन्यांची संख्या, वेळापत्रक आणि लागणारे उपकरण डोळ्यांसमोर दिसू लागते.

अशा प्रश्नांची इथे वानवा नाही. लातूरच्या बोरसुरी तूरडाळीला आणि हिंगोलीच्या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बोरसुरीची डाळ लवकर शिजते, चव वेगळी असते, हे गावकऱ्यांना माहीत आहे. त्यामागचे रसायनशास्त्र मोजणे हा सरळ एका प्रकल्पाचा ऐवज आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये पाण्याच्या हिशेबावर समाजशास्त्रापासून अभियांत्रिकीपर्यंत कुणीही प्रस्ताव लिहू शकतो.

भूकंपाचे उदाहरण मात्र दोन्ही बाजू दाखवणारे आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेण्यात आले आणि सुमारे ३३८ मीटर जाडीच्या बेसॉल्टखाली असलेला प्राचीन खडक अभ्यासाला मिळाला. असे काम राष्ट्रीय संस्थांच्याच आवाक्यातले असते. पण २००६ नंतर काही वर्षे नांदेड शहराला सौम्य धक्क्यांनी बेजार केले, तेव्हा विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलातील संशोधकही त्याच्या अभ्यासात उतरले. माणसे, नमुने आणि प्रश्न इथले असतील, तर प्रस्तावावर पहिले नावही इथलेच असण्याला अर्थ आहे. नाहीतर स्थानिक प्राध्यापकाच्या वाट्याला गाडी ठरवणे आणि गाव दाखवणे एवढेच येते.

३० लाख म्हणजे किती?

आकडेमोड करून पाहू. समजा, तीन वर्षांचा ३० लाखांचा प्रकल्प आहे आणि त्यात एक संशोधन सहायक आहे. केंद्राने जून २०२३ मध्ये सुधारलेल्या दराप्रमाणे कनिष्ठ संशोधन छात्राला पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२ हजार रुपये द्यावे लागतात. दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार, तिसऱ्या वर्षाचे ५ लाख ४ हजार. एकूण १३ लाख ९२ हजार, तेही घरभाडे भत्ता न धरता. हा भत्ता शहरानुसार बदलतो. केंद्राच्या वर्गवारीत नांदेड-वाघाळा ‘वाय’ गटात आहे, लातूर ‘झेड’ गटात. त्यामुळे एकाच विद्यापीठाच्या दोन आवारांत एकाच पदाचा खर्च वेगवेगळा येतो. दुसऱ्याच्या प्रस्तावातून अंदाजपत्रक जसेच्या तसे उतरवले की पहिली चूक इथे सापडते.

उरलेल्या सोळा लाखांत उपकरण, रसायने, प्रवास, किरकोळ खर्च. उपकरणांवरील कराचाही फटका आहे. संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारी पाच टक्के जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्ये गेली आणि दर १८ टक्क्यांपर्यंत वाढला. दहा लाखांच्या उपकरणावर कर ५० हजारांवरून १ लाख ८० हजार झाला. दरपत्रकात कर वेगळा दाखवला आहे की नाही हे न पाहता आकडा टाकला, तर मंजुरीनंतर कराची तूट कुठून भरायची हा प्रश्न उभा राहतो. संशोधन अनुदानावरच जीएसटी लागतो का, हा वेगळा वाद होता. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना मिळणाऱ्या अनुदानाला करातून सूट देण्याचा निर्णय घेतल्याने तो मिटला.

सही कुणाची आणि कधी?

प्रस्ताव कितीही चांगला असला, तरी संस्थाप्रमुखाच्या सहीच्या हमीपत्राशिवाय तो स्वीकारला जात नाही. जागा, वीज, इंटरनेट, प्रयोगशाळा पुरवू, हिशेबाची जबाबदारी घेऊ आणि प्राध्यापक सोडून गेला तरी प्रकल्पाचे बघू, असे संस्था त्यात लिहून देते. संलग्न महाविद्यालयात ही सही प्राचार्यांची. उपकेंद्रातील प्राध्यापकासाठी मात्र कारभाराचे मुख्य ठिकाण विष्णुपुरी आहे. म्हणून मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी कागद तयार असणे हा लातूरमध्ये शिस्तीचा नव्हे, अंतराचा मुद्दा ठरतो. शेवटच्या रात्री पोर्टल संथ होते, पीडीएफचा आकार मर्यादेपेक्षा मोठा निघतो, कुठे शिक्का अस्पष्ट असतो. तांत्रिक कारणाने बाद झालेला प्रस्ताव तज्ज्ञांपर्यंत जातच नाही, त्यामुळे कल्पना चांगली होती की वाईट हेही अर्जदाराला कळत नाही.

मंजुरीनंतरही कागद सुटत नाहीत. पैसे हप्त्यांनी येतात. पुढच्या हप्त्यासाठी सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील १२-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. लेखा विभागात एकच कारकून आणि त्याच्याकडे परीक्षेचेही काम असेल, तर हे प्रमाणपत्र रेंगाळते. मग हप्ता थांबतो आणि सर्वांत आधी संशोधन छात्राचे मानधन थकते. पावसाळ्यापूर्वीचे पाणी तपासायचे आहे आणि पैसे जुलैमध्ये आले, तर तो नमुना थेट पुढच्या मे महिन्यातच घेता येतो. प्रकल्पाची मुदत तोपर्यंत चालूच असते. मुदतवाढ मागता येते, पण ती बहुधा वाढीव निधीशिवाय मिळते.