नव्या औषधाची पारख

शहागंजच्या बाजारात एखादा औषधवाला सतरंजी पसरून बसतो. "या मुळीने शंभर जणांचा विंचू उतरला," असे ओरडून सांगतो. उतरलाही असेल. पण मुळीने उतरला, की आपोआप उतरला? काळ्या विंचवाची कळ बहुधा काही तासांनी आपणच ओसरते. मांत्रिकाचे नाव त्यावरच चालते, बरे का!

मग औषध खरे की खोटे, हे ठरवायचे कसे? शेतकऱ्याला ते शिकवायला नको. नवे बियाणे आले की तो अर्ध्या वावरात जुने पेरतो, अर्ध्यात नवे. जमीन एक, पाणी एक, खत एक. सुगीला दोन्ही राशी मोजतो. इस्पितळात असेच करतात. त्याला औषधाची चाचणी म्हणतात. आधी जनावरांवर, मग थोड्या माणसांवर, मग पुष्कळांवर. पण माणूस म्हणजे वावर नव्हे. म्हणून तिथे नियम कडक आहेत. ते पुढे सांगतो.

आधी एक खरी हकीकत ऐका. डॉक्टर हिंमतराव बावसकर हे भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. त्यांच्या लहानपणी हे गाव आपल्याच जिल्ह्यात मोडत असे. जालना जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्यांनी दवाखाना काढला तो कोकणात, महाड येथे. तिकडे तांबडा विंचू फार. तो चावला की घाम सुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो. छातीत पाणी भरून माणूस दगावतो. पूर्वी लहान मुले फार जात. बावसकरांनी रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी यावर वापरली आणि मरणे पुष्कळ कमी झाली. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

मुंबईत हाफकिनमध्ये विंचवाच्या विषावर इंजेक्शन तयार होते. गोळीबरोबर तेही दिले, तर जास्त गुण येईल का? अंदाजाने 'हो' म्हणणे सोपे. बावसकरांनी ७० रोगी घेतले. ३५ जणांना नुसती गोळी दिली. ३५ जणांना गोळी आणि इंजेक्शन दोन्ही दिले. कोण कोणत्या गटात, हे डॉक्टरांच्या मनावर ठेवले नाही. चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. का? मनाने निवडले, तर धडधाकट माणसे नकळत एकाच गटात जातात, आणि मग सगळा हिशेब फसतो.

२०११ साली निकाल छापून आला. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या गोळीवाल्यांत तेवढ्या वेळात ८ जण बरे झाले. आणखी एक पाहा. गोळी सर्वांनाच होती. औषधावाचून कोणालाच ठेवले नव्हते.

आता तुमच्याविषयी. घाटीत किंवा दुसऱ्या मोठ्या इस्पितळात कोणी विचारील, "नव्या औषधाच्या चाचणीत येता का?" घाबरून पळू नका. आणि साहेब म्हणतात म्हणून अंगठाही उठवू नका. २०१९ सालचे सरकारी नियम तुमच्या बाजूचे आहेत. तुम्हाला कळेल अशा भाषेत कागद मिळाला पाहिजे. औषध कसले, किती दिवस घ्यायचे, त्रास काय होऊ शकतो, दुसरा उपचार कोणता, हे सारे त्यात हवे. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर पाहिजे. तुम्ही 'नाही' म्हणू शकता. मधेच सोडूही शकता. त्यावरून नेहमीचा उपचार कोणी बंद करू शकत नाही. चाचणीमुळे इजा झाली, तर उपचार फुकट आणि वर भरपाई. माणूस गेला, तर भरपाई वारसांना मिळते.

चाचणीवर नजर ठेवायला एक नीतिसमिती असते. तिची परवानगी असल्याशिवाय चाचणी सुरू करता येत नाही. तीत नुसते डॉक्टर नसतात. तुमच्याआमच्यासारखा एक साधा माणूसही असावाच लागतो. हे मला फार आवडले.

कागद हाती आला की घाई करू नका. "घरी नेऊन वाचतो," असे सांगा. कळला नाही त्या शब्दाखाली रेघ मारा आणि डॉक्टरांना विचारा. सही केल्यावर एक प्रत मागून घ्या. काही तक्रार असली तर समितीकडे कोणाला भेटायचे, तेही त्याच कागदावर लिहिलेले असते.