द्राक्षमळ्यात जेवायला, सासूबाईंसह

नाशिकला जायचं म्हटलं, की घरातली वडीलधारी मंडळी पंचवटी, काळाराम आणि त्र्यंबकेश्वर अशी यादी काढतात आणि तरुण मंडळी हळूच गंगापूर रस्त्याचं नाव घेतात. गंगापूर धरणाच्या आसपास द्राक्षांचे मळे आहेत, वाइन तयार करण्याचे कारखाने आहेत आणि त्यांना जोडून उपाहारगृहंही आहेत. रविवारी तिथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची ही गर्दी! आजी-आजोबा, कडेवरचं मूल, सगळा लवाजमा. आता प्रश्न पडतो तो तुमच्या-माझ्यासारख्या गृहिणीला. जिथे मद्य तयार होतं, तिथे मुलाबाळांना आणि सासूबाईंना घेऊन जेवायला जायचं का?

आमच्या घरी हा प्रश्न चांगला आठ दिवस गाजला. बेत काढला नाशिकच्या नणंदेनं. आमचे हे खुशीत, मुलं तर उड्याच मारायला लागली. सासूबाई मात्र गप्प. त्यांचे धाकटे भाऊ दारूपायी गेले. मामींनी लोकांच्या घरी पोळ्या लाटून मुलं शिकवली. हे सगळं सासूबाईंनी जवळून पाहिलेलं, त्यामुळे त्यांच्या लेखी बाटली ती बाटली, मग ती द्राक्षाची असो की मोहाची. आणि मला विचाराल, तर त्यात त्यांचं काय चुकलं? आपल्या राज्यात कितीतरी गावांतल्या बायकांनी मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली आहेत. मतपत्रिकेवर ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ अशी चिन्हं असतात. आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बायका काही हौसेनं रांगेत उभ्या राहत नाहीत.

नणंद बोलण्यात वस्ताद. म्हणाली, “आई, तू जेवणानंतर द्राक्षासव घेतेस ना? ते तरी दुसरं काय आहे?” आता हे खोटं नव्हे. आसवं आणि अरिष्टं मुरताना त्यांच्यात मद्यार्क आपोआप तयार होतोच. पण सासूबाईंनी एका वाक्यात विषय संपवला. “औषध चमच्यानं घेतात, पेल्यानं नाही.”

शेवटी एका दुपारी भाजी निवडताना मी त्यांना सरळच विचारलं. चारचौघांत विचारलं की वडील माणसं एक तर ‘तुमच्या मर्जीप्रमाणे’ म्हणतात, नाही तर रुसून बसतात. एकटीनं विचारलं, तर खरं उत्तर मिळतं. त्या म्हणाल्या, “येते मी. पण मुलांच्या ताटाशेजारी पेला नको. आणि गाडी चालवणाऱ्यानं थेंबही घ्यायचा नाही.” दोन्ही अटी मी ह्यांच्या आणि नणंदेच्या कानावर निघण्यापूर्वीच घातल्या. गाडी कोण चालवणार हे घरीच ठरवावं. तिथे पोचल्यावर ठरवायला गेलं की ‘एवढ्याशानं काय होतंय’ सुरू होतं. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्क, एवढी कडक आहे. नणंदेच्या यजमानांनी सारथ्य पत्करलं आणि दिवसभर लिंबूपाण्यावर काढला.

आम्ही गेलो फेब्रुवारीत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, भोवती सह्याद्रीचे डोंगर, दिवसा ऊन आणि रात्री गारवा. ही हवा द्राक्षाला मानवते. खायच्या द्राक्षांसाठी हा जिल्हा आधीपासून प्रसिद्ध होताच. वाइनचं म्हणाल, तर 1980च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळ श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रानं फसफसणारी वाइन काढली होती. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी 1999 साली ‘सुला’ सुरू केली, सन 2000 मध्ये तिची पहिली वाइन बाजारात आली आणि मग एकामागून एक वाइनऱ्या उभ्या राहिल्या.

वाइनरी दाखवण्याची फेरी आणि वाइन चाखण्याचा कार्यक्रम जेवणापासून वेगळा असतो, हे फार सोयीचं. हे आणि नणंद तिकडे गेले, आणि आम्ही बाकीचे मळ्याच्या कडेनं फिरलो. तोडणी चालली होती. ही तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. तोडणाऱ्या बहुतेक बायकाच. एकीनं मुलांच्या हातावर चार मणी ठेवले. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं. धाकटी म्हणाली, “हे कसलं द्राक्ष, सगळ्या बियाच!” पण लाल वाइनला रंग येतो तो त्या सालीमुळेच. साली रसात ठेवूनच तो आंबवतात. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस काढून साली बाजूला करतात.

सासूबाई त्या बाईपाशी रेंगाळल्या. मजुरी रोजच्या रोज मिळते का, मुलं शाळेत जातात का, सगळं विचारून झालं. मग हळूच, “घरधनी पितो का?” ती हसली. “पितो की. पण ही न्हाई, ही परवडती कुनाला?” सासूबाई हसल्या नाहीत.

जेवण छान होतं, पण बिल पाहून पोटात गोळा आला. घरच्या पंधरा दिवसांच्या भाजीचे पैसे म्हणा ना! शाकाहारी मंडळींना पुष्कळ निवड आहे. मात्र एक लक्षात ठेवा. पाश्चात्त्य पदार्थांच्या सॉसमध्ये कधीकधी वाइन असते, आणि शिजवल्यानं सगळा मद्यार्क उडून जातो हा समज खरा नाही. मुलांसाठी किंवा सोवळ्याच्या माणसांसाठी मागवताना वाढप्याला स्पष्ट विचारावं, संकोच करू नये. आम्ही विचारलं, आणि एक पदार्थ बदलून घेतला.

जेवताना थोरल्यानं विचारलं, “बाबा, वाइन हृदयाला चांगली असते ना?” हे घोटाळले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय, की मद्याचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे निर्धोक नाही. गरोदर बाईनं तर घेऊच नये. मी हे सांगत होते, तोच सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या बाबांचे मामा कशानं गेले, माहीत आहे तुला?” मुलांना आजवर ‘आजारानं’ एवढंच सांगितलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, भात कालवता कालवता. थोरला ऐकत राहिला. ह्यांनी ताटातून मान वर केली नाही.

जायचंच असेल, तर जागा आधी राखून ठेवा, रविवार टाळा आणि ड्राय डे पाहून घ्या. 2 ऑक्टोबरला जाल, तर चाखण्याच्या आशेवर आलेली मंडळी हिरमुसतील.

परतताना नाशिकचा चिवडा घेतला. गाडीत नणंद म्हणाली, “आई, पुढच्या वेळी मामींना आणू या का?”

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. “तिला विचार,” त्या म्हणाल्या. “एकटीला गाठून विचार.”