हा तोच देवदत्त? बॉण्डची धून आणि तिचे इलेक्ट्रॉनिक अवतार



मागच्या महिन्यात घरी एक छोटा प्रसंग घडला, तिथूनच सुरुवात करतो. माझी नात कॉलेजात शिकते. ती स्पीकरवर काहीतरी वाजवत बसली होती. खाली धडधडता ठेका, वर यंत्राचे सूर, मध्येच जुन्या चित्रपटांतल्या संवादांचे तुकडे. मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणालो, "अगं, ही तर जेम्स बॉण्डची धून! पण हे ते नव्हे. खरी धून अशी नाही." ती हसली आणि म्हणाली, "आजोबा, हे ते नव्हे, तर मग तुम्ही ओळखलंत कसं?"

पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. 'कव्हर' म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधी सादर केलेली रचना नव्यानं वाजवणं किंवा गाणं. मूळ ध्वनिमुद्रणाचाच तुकडा कापून वापरला तर त्याला 'सँपल' म्हणतात. इलेक्ट्रॉनिक संगीतात बहुधा दोन्ही गोष्टी एकत्र येतात. कुठला सूर कुठल्या क्षणी वाजवायचा याची यादी सीक्वेन्सर सांभाळतो. सँपलर ध्वनीचा तुकडा घेऊन तो हव्या त्या पट्टीत वाजवतो. मिनिटाला ठोके किती ते आधीच ठरवलेलं असतं आणि त्यात केसाचाही फरक पडत नाही.

हेरपटांच्या धुनांना हे नवं रूप देण्याची लाट आली ती १९९६-९७ च्या सुमारास. यू-टू या आयरिश बँडमधले ॲडम क्लेटन आणि लॅरी मलन यांनी १९९६ साली 'मिशन: इम्पॉसिबल'ची धून नव्यानं केली, आणि ती ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या दहांत गेली. पुढच्या वर्षी मोबीनं बॉण्डची धून केली. माझी नात ऐकत होती ती हीच. त्याच वर्षी संगीतकार डेव्हिड अरनॉल्ड यांनी बॉण्डपटांच्या जुन्या गाण्यांचा एक अख्खा संग्रह वेगवेगळ्या कलाकारांकडून करून घेतला. त्यात 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' या १९६९ च्या चित्रपटाची धून प्रॉपेलरहेड्स या जोडीनं वाजवली आहे. अरनॉल्ड यांना पुढे खुद्द बॉण्डपटांचंच संगीत मिळालं, 'टुमॉरो नेव्हर डाइज'पासून ओळीनं पाच चित्रपटांचं. म्हणजे कव्हर करणारा माणूस मूळ घराचाच वारस झाला.

आता माझ्यासारख्या म्हाताऱ्यांचा पहिला आक्षेप काय असतो? यंत्र आलं आणि धुनेचा आत्मा गेला. हा आक्षेप टिकत नाही. 'ऑन हर मॅजेस्टीज'च्या मूळ धुनेतच जॉन बॅरी यांनी मूग सिंथेसायझर वापरला होता. खालून धावणारी ती खर्जाची ओळ त्या यंत्राची आहे. आणि १९६२ च्या 'डॉक्टर नो'मधली ती प्रसिद्ध गिटार तरी कसली होती? विजेवर चालणारीच. यंत्र बाहेरून आलेलं नाही, ते पहिल्या दिवसापासून घरातच होतं. तेव्हा मूळ शुद्ध आणि नवं भ्रष्ट, अशी सोपी वाटणी आपल्याला करता येणार नाही.

मग प्रश्न असा उरतो की एवढं सगळं बदलूनही 'तीच धून' असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

आपल्याकडे या प्रश्नाला फार जुनं नाव आहे: प्रत्यभिज्ञा. देवदत्त नावाच्या माणसाला तुम्ही पूर्वी एका गावी पाहिलंत. वर्षांनंतर दुसऱ्या गावी तो भेटतो, केस पिकलेले, अंगानं सुटलेला, आणि तुम्ही म्हणता, "अरे, हा तोच देवदत्त." नैयायिक म्हणतात, हे प्रत्यक्षच ज्ञान आहे, फक्त त्याला जुन्या संस्काराची जोड मिळालेली आहे. बौद्ध तार्किक म्हणतात, थांबा. कापलेली नखं पुन्हा वाढतात आणि आपण 'तीच नखं' म्हणतो. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते आणि आपण 'तीच ज्योत' म्हणतो. सारखेपणा दिसला की आपण त्याला एकपण म्हणून मोकळे होतो.

पाश्चात्त्य विचारातही या टोकाची भूमिका आहे. नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९६८ मध्ये असं मांडलं की, स्वरलेखनातला एक जरी सूर चुकला तरी तो त्या रचनेचा प्रयोग नव्हेच. ऐकायला हे हटवादी वाटतं, पण त्यामागे तर्क आहे. एक चूक चालवून घेतली तर दुसरी का नको? अशी एकेक सुराची सूट देत गेलो तर बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीपासून निघून आपण एखाद्या बालगीतापर्यंत पोचू, आणि वाटेत कुठेही 'आता ही वेगळी रचना झाली' असं म्हणायला जागा मिळणार नाही.

गुडमनच्या हिशेबानं मोबीची धून ही बॉण्डची धून नाही. पण माझ्या कानानं तर ती ओळखली. तेव्हा कानाकडेच जाऊ या.

बॉण्डच्या धुनेत कान कशाला धरतो? तुम्ही सुराशी परिचित असाल तर हे घरी पेटीवर करून बघा. सा धरून ठेवा. त्यावर पंचम, मग कोमल धैवत, मग शुद्ध धैवत, पुन्हा कोमल धैवत, एवढेच सूर फिरत राहू द्या. कुणीतरी भिंतीला चिकटून पुढे सरकतं आहे आणि परत मागे येतं आहे, असा भास होतो. त्यावर मंद्र सप्तकात कडक नखीनं वाजवलेली गिटार. आणि शेवटी तो गूढ, अर्धवट सोडलेला कॉर्ड: त्यात कोमल गंधार आहे आणि शुद्ध निषादही. आपल्या पटदीपात हे दोन सूर असेच शेजारी नांदतात. पटदीपचा आणि बॉण्डचा काही संबंध नाही, पण तो सूर कुठे टोचतो ते तुम्हाला लगेच कळेल. आता नव्या आवृत्त्या एकापाठोपाठ एक ऐका. ढोल बदलतात, गती बदलते, पितळी वाद्यांच्या जागी यंत्र येतं. पण ते सरकणं आणि ती गिटारची खूण फारसं कुणी सोडत नाही.

'मिशन: इम्पॉसिबल'चं मात्र वेगळं झालं. लालो शिफ्रिन यांनी ती धून १९६६ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेसाठी केली. तिचा ठेका पाच ठोक्यांचा. आपल्या हिशेबानं दहा मात्रा म्हणा. टाळी देऊन बघा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. आपल्या झपतालाच्याही दहाच मात्रा, पण विभाग दोन-तीन-दोन-तीन असे. शिफ्रिन यांनी दोन लांब पावलं आणि दोन आखूड पावलं टाकली. मॉर्स लिपीत 'एम' हे अक्षर दोन लांब आणि 'आय' दोन आखूड, हेही लक्षात ठेवा. त्या ठेक्यात पाय कधी नीट टेकतच नाही. पडद्यावर वात पेटलेली आहे आणि संगीतात पाऊल अधांतरी आहे. सगळा ताण तिथे आहे.

क्लेटन आणि मलन यांनी सुरुवातीला पाच ठोक्यांची झलक दिली आणि मग मुख्य धून चार ठोक्यांवर आणली. म्हणजे दहाच्या आठ मात्रा झाल्या, आपल्या कहरव्याइतक्या. कारण उघड आहे. नाचायला चार सोयीचे पडतात. रेकॉर्ड तुफान चालली आणि धून सगळ्यांनी ओळखली. पण ज्या लंगड्या पावलात तिचा प्राण होता ते पाऊल सरळ झालं.

इथे मला पहिली गोष्ट सांगायची आहे. ओळख पटणं आणि ओळख असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यात देवदत्ताचा चेहरा ओळखायला क्षण पुरतो. तो माणूस कसा आहे हे कळायला त्याच्या सोबत राहावं लागतं. धून ओळखली गेली म्हणजे तिचं मर्म शाबूत राहिलं असं होत नाही. अद्वैत्यांनी याच देवदत्ताच्या उदाहरणात भागत्यागलक्षणा सांगितली: 'तेव्हाचा' आणि 'आत्ताचा' हे भाग सोडा, माणूस तेवढा ठेवा. प्रत्येक कव्हर हेच करतं, काही सोडतं, काही ठेवतं. श्रोता म्हणून आपण विचारायचं ते एवढंच, की काय सोडलं आणि कशासाठी.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कव्हर करणारे जे ठेवतात, ते कुणाचं असतं?

बॉण्डच्या धुनेवर रचनाकार म्हणून नाव आहे माँटी नॉर्मन यांचं. तिचा उगम ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर एक संगीतिका करायची होती. त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या माणसांची ती गोष्ट. तिच्यासाठी नॉर्मन यांनी केलेली एक चाल तशीच पडून राहिली होती. 'डॉक्टर नो'च्या वेळी त्यांनी ती बाहेर काढली. म्हणजे लंडनच्या गुप्तहेराची धून एका भारतीय पात्राच्या तोंडी असायची होती! पण निर्मात्यांना हवा तो परिणाम त्यांच्या मांडणीतून येईना, म्हणून जॉन बॅरी यांना बोलावलं. त्यांनी वाद्यवृंदाची सगळी मांडणी केली. आणि गिटार वाजवली व्हिक फ्लिक या स्टुडिओतल्या वादकानं.

पुढे एका ब्रिटिश वृत्तपत्रानं छापलं की ही धून खरं तर बॅरी यांची. नॉर्मन यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. बॅरी यांनी साक्षीत सांगितलं की धून आपणच रचली. २००१ मध्ये लंडनच्या न्यायालयात ज्यूरीनं नॉर्मन यांच्या बाजूनं निकाल दिला आणि ३०,००० पौंड भरपाई मिळाली. निकालावर मला काही म्हणायचं नाही. कायद्याला एक रचनाकार ठरवावाच लागतो, नाहीतर मानधन कुणाला द्यायचं?

पण कानाचं न्यायालय वेगळं असतं. नव्या पिढीचे हे वादक जेव्हा धून उचलतात, तेव्हा ते नुसती चाल उचलत नाहीत. बॅरींच्या मांडणीतला ताण उचलतात आणि फ्लिक यांच्या हाताचा आघातही उचलतात. त्या तिघांपैकी एकाला रचनाकार म्हटलं गेलं, एकाला मांडणी करणारा आणि एकाला नुसता वादक. प्रत्येक नवी आवृत्ती मात्र तिघांचीही साक्ष देते.

हे आपल्याला परकं नाही, मंडळी. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि अरेंजर मंडळींनी किती काम केलं! शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात शिष्यानं गुरूचं नाव घातलं, म्हणून ते घरोघरी पोचलं. पण ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे हे ते गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं? मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. आणि आज त्या गाण्यांची रिमिक्स निघतात तेव्हा चालीबरोबर व्हायोलिनचे ते तुकडेही उचलले जातात. आपण मुखडा गुणगुणतो आणि त्याच दमात मधलं व्हायोलिनही तोंडानं वाजवतो, की नाही? ते व्हायोलिन कुणीतरी कागदावर लिहिलेलं असतं.

तर नातीला मी आता काय उत्तर देतो? "बाळा, मी धून ओळखली, कारण तीन माणसांच्या हाताची खूण त्या गोंगाटातूनही पुसली गेली नव्हती. आणि 'हे ते नव्हे' असं जे मी म्हणालो, ते चुकलं. मी मूळ धून कधी नीट ऐकलीच नव्हती. तुझ्या यंत्रानं ती माझ्यापुढे सुटी करून मांडली, तेव्हा तिच्यात काय काय आहे ते मला कळलं."

घरी गेलात की दोन्ही आवृत्त्या ऐका. आधी नवी, मग जुनी. क्रम मुद्दाम उलटा सांगतो आहे. आणि 'मिशन'ची मूळ धून ऐकताना मांडीवर टाळी धरा. दहा मात्रा पुऱ्या होतात का ते बघा.

इथे थांबतो.